तार, जोड आणि कान

ज्या घरांत गाण्याची आवड आहे, त्या घरांत एक वाद केव्हां ना केव्हां उपस्थित झाल्यावांचून राहत नाहीं. दिवाळीच्या साफसफाईच्या निमित्तानें स्टीरिओ जागचा हलतो, मागचीं कोळिष्टकें निघतात, केबली उपसून, पुसून पुन्हां जागच्या जागीं बसविल्या जातात. संध्याकाळीं पहिली तबकडी लागली, कीं एक जण म्हणतो, "आवाज किती मोकळा झाला!" दुसरा म्हणतो, "छे, होता तसाच आहे." तिसरा, बहुधा घरांतील सर्वांत उत्साही तरुण, जाहीर करतो कीं दोष जुन्या केबलींचाच असून परदेशी बनावटीची नवी केबल आणल्याखेरीज या यंत्राचें खरें रूप कोणाला कळावयाचें नाहीं. अशा केबलींच्या किंमतीस आज सीमा राहिलेली नाहीं. दोन हात लांबीच्या तारेपायीं एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा किराणा खर्ची पडावा, इतकेंच नव्हे, तर खुद्द स्टीरिओहूनही महाग केबली बाजारांत मांडलेल्या असतात. तेव्हां हा वाद केवळ रसिकतेचा राहत नाहीं. तो घराच्या जमाखर्चाचाही होतो.

यांत शहाण्यासुरत्या माणसांचे दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, "तार ती तार, तिला हात लावल्यानें काय व्हावयाचें आहे?" दुसरा म्हणतो, "आम्हीं आमच्या कानांनीं फरक ऐकला, मग शास्त्र कांहींही सांगो." आमच्या मतें दोघांच्याही म्हणण्यांत अर्धें सत्य आहे. केबलींना हात लावल्यानें आवाज खरोखर बदलूं शकतो. परंतु तो बदल तारेच्या पोटांत क्वचित् होतो. बहुतेक वेळां तो तारेच्या टोकांशीं, म्हणजे जोडांत होतो; आणि पुष्कळदां तर तो जोडांतही नसून ऐकणाऱ्याच्या मनांत असतो. या तीन जागा वेगळ्या ओळखतां आल्या, म्हणजे वाद मिटतो व पैसेही वांचतात.

जवारीचा धागा आणि केबलीची तार

लहानशा गोष्टीनें स्वर पालटतो, हें आपल्याकडील रसिकाला शिकवावें लागत नाहीं. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा धागा केंसभर मागेंपुढें सरकविला, कीं जवारी खुलते किंवा मिटते. तीच तार, तोच भोपळा, परंतु स्वर निराळा. हा अनुभव ज्याच्या कानांत मुरलेला आहे, त्याला स्टीरिओच्या केबलीविषयींही तसेंच वाटावें, यांत नवल नाहीं.

परंतु या दोन तारांचीं कामें मुळांतच भिन्न आहेत. तानपुऱ्याची तार स्वतः कंप पावून स्वर उत्पन्न करते, आणि धागा त्या कंपाच्या वाटेंतच बसलेला असतो. स्टीरिओची केबल स्वर उत्पन्न करीत नाहीं. ती एका यंत्रानें तयार केलेला विजेचा संदेश दुसऱ्या यंत्राकडे पोंचविते. पहिली तार गवई आहे, दुसरी पालखीचा भोई. भोई अडखळला तर आंतल्या माणसाला धक्का बसेल, हें खरें. परंतु भोयाच्या पागोट्याला जर लावली म्हणून आंतल्या नवरदेवाचें रूप पालटत नाहीं. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, हा भोई अडखळतो केव्हां?

तारेचें गणित

जर्मन शास्त्रज्ञ ओम यानें १८२७ सालीं विजेच्या रोधाचा नियम प्रसिद्ध केला. त्याच नियमानें हा हिशेब कोणासही घरीं मांडतां येतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारें ०.०१७ ओम असतो. स्पीकर तीन मीटर दूर असेल, तर जाण्यायेण्याची मिळून सहा मीटर तार होते; तिचा रोध सुमारें ०.१ ओम. घरगुती स्पीकर बहुधा आठ ओमांचा असतो. त्यामानानें तारेंत होणारी आवाजाची घट डेसिबलच्या दहाव्या हिश्श्याएवढी निघते, आणि ती गाणें ऐकतांना कोणाच्याही ध्यानांत येण्याजोगी नाहीं.

हीच तार घंटेच्या बटणाला वापरतात तशी, ०.२ चौरस मिलिमीटरची, बारीक घेतली व पलीकडच्या खोलीपर्यंत दहा मीटर नेली, तर मात्र रोध सुमारें १.७ ओम होतो. आवाज जवळजवळ पावणेदोन डेसिबलनें पडतो. शिवाय स्पीकरचा स्वतःचा रोध सर्व पट्ट्यांत सारखा नसल्यामुळें खर्ज व तार स्वर यांचा तोलही बिघडतो. म्हणून साधा नियम असा कीं, तारेचा रोध स्पीकरच्या रोधाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षां अधिक नसावा. सामान्य दिवाणखान्याला विजेच्या दुकानांत मिळणारी दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची, पुष्कळ बारीक तारांची वळलेली तांब्याची वायर पुरून उरते.

दोन्ही स्पीकरांच्या तारा सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीं तर एका बाजूचा आवाज मागाहून पोंचेल, अशीही एक समजूत आहे. केबलीमधून संदेश प्रकाशाच्या सुमारें दोन-तृतीयांश वेगानें, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन लक्ष किलोमीटर धांवतो. हवेंतला ध्वनि मात्र सेकंदाला सुमारें ३४५ मीटर जातो. आपण खुर्चीवर बसून डोकें एक सेंटिमीटर पुढें केलें, तर ध्वनीच्या वेळेंत जेवढा फरक पडतो, तेवढा केबलीनें पाडावयाचा झाल्यास ती सुमारें पावणेसहा किलोमीटर अधिक लांब घ्यावी लागेल! ज्याला तारेची लांबी सुतानें मोजण्याची हौस आहे, त्यानें तोच वेळ खुर्ची आणि स्पीकर यांची जागा ठरविण्यांत घालविला, तर त्याचा लाभ कानाला तत्काळ कळेल.

जोडांचें दुखणें

खरें दुखणें असतें तें जोडांत. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवलें तर तें कळकतें, हें आपल्या घरांतील बायकांना सांगावयास नको. धातूचा स्वभाव तोच. तो हवेंतही आपलें काम करीत असतो. प्लगच्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षें प्राणवायु, गंधकयुक्त वायु, धूळ आणि दमट हवा यांचा अदृश्य थर चढतो, आणि कोंकणपट्टींतील खाऱ्या वाऱ्यांत तो अधिकच लवकर चढतो. या थरामुळें जोड कधीं पुरा लागतो, कधीं अर्धा. मग एका बाजूचा आवाज बारीक येतो, मधूनच खरखर होते, किंवा यंत्राच्या माथ्यावर थाप मारली कीं सर्व पूर्ववत् होतें. यालाच आपण नित्याच्या बोलण्यांत 'लूज काँटॅक्ट' म्हणतों.

अशा वेळीं प्लग काढून पुन्हां बसविला, तर घर्षणानें तो थर खरवडला जातो व जोड नवा होतो. केबली नुसत्या काढून घातल्यानें आवाज सुधारल्याचा अनुभव पुष्कळांना येतो, त्याचें खरें कारण हेंच. लोक मात्र श्रेय देतात तें नव्या केबलीला. कारण नवी केबल घालतांना जुना जोड आपोआप साफ झालेला असतो! म्हणून नवी केबल विकत घेण्यापूर्वीं जुनीच काढून, पुसून, घट्ट बसवून पाहावी, हा पहिला नियम.

पुसण्याची रीत साधी आहे. औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन प्लगची मधली पिन व बाहेरचें कडें पुसावें आणि पुरतें वाळूं द्यावें. पॉलिशपेपरनें घांसूं नये. वरचा मुलामा निघून गेला, कीं जोड पूर्वीपेक्षां लवकर बिघडतो. सोन्यावर असा थर चढत नाहीं. म्हणून समुद्राकांठच्या घरीं सोन्याचा मुलामा दिलेला साधा प्लग घेण्यासाठीं थोडे पैसे अधिक गेले, तर तो खर्च वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. पारदर्शक आवरणाच्या स्पीकर-तारेचीं टोकें हिरवीं पडलीं असतील, तर तेवढा बोटभर भाग कापून टाकावा, आंतलें लालसर तांबें उघडें करावें, आणि सर्व बारीक तारा एकत्र पिळून स्क्रूखालीं दाबाव्या. एखादा सुटा तंतु शेजारच्या टोकाला चिकटला तर दोन्ही टोकें शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायरच निकामी होण्याचें भय असतें.

प्लग काढतांना केबल ओढूं नये. प्लगच धरावा आणि किंचित् फिरवीत बाहेर काढावा. तांब्याची तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकविली, तर ती प्रथम ताठर होते व शेवटीं तुटते. आणि हें बहुधा प्लगच्या मानेजवळच, आवरणाच्या आंत घडतें. वरून केबल अखंड दिसते, आवाज मात्र येतो आणि जातो. उरलेली केबल हातांच्या कोपराभोंवतीं करकचून गुंडाळण्यापेक्षां तिचीं सैल, मोठीं वेटोळीं करून ठेवावीं.

आणखी एक गोष्ट. बहुतेक घरीं असलेला गोल प्लग रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत रेडिओच्या पेटीच्या आंत ग्रामोफोन जोडण्यासाठीं काढला. रोज हातानें काढण्याघालण्याचा विचार त्यांत नव्हता. त्याची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधीं आंत शिरते. यंत्र चालू असतांना तो बसविला, तर क्षणभर संदेशाची तार लागलेली असते आणि परतीची वाट मोकळीच राहते. त्या क्षणीं स्पीकरमधून जो भयंकर धडाका निघतो, त्यांत उंच स्वरांचा लहान स्पीकर जळूंही शकतो. म्हणून केबलीला हात लावण्यापूर्वीं ॲम्प्लिफायर बंद करावा, हा दुसरा नियम. मुलांना तो परवच्यासारखा पाठ असावा.

केबली परत लावतांना उलटसुलट होण्याचा संभव असतो, तोही येथेंच सांगितला पाहिजे. दोन स्पीकरांपैकीं एकाच्या धन आणि ऋण तारा अदलाबदल झाल्या, तर एकाचा पडदा पुढें येतो तेव्हां दुसऱ्याचा मागें जातो. खर्ज पोकळ होतो व गाणाऱ्याचा आवाज कोठून येतो तें कळेनासें होतें. याची परीक्षा सोपी आहे. हिराबाई बडोदेकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचें ध्वनिमुद्रण एकमार्गी आहे. त्यांतील एखादें जुनें गाणें लावावें व दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्यें बसावें. आवाज समोर मधोमध उभा राहिला, तर तारा बरोबर आहेत. तो खोलीभर पसरून डोक्याभोंवतीं घोटाळूं लागला, तर एका स्पीकरच्या तारा उलट करून पाहाव्या.

तबकडीच्या केबलीची नाजूक जात

केबलीचा स्वतःचा गुण ज्या एका ठिकाणीं खरोखर ऐकूं येतो, तें ठिकाण म्हणजे तबकडी वाजविणाऱ्या यंत्राची केबल. सी.डी.च्या यंत्रांतून निघणारा संदेश सुमारें दोन व्होल्टचा असतो. तबकडीवरील सुईचा नेहमींच्या जातीचा कार्ट्रिज अवघे पांच मिलिव्होल्ट देतो, म्हणजे चारशेंपट कमी. एवढ्या दुबळ्या संदेशाला वाटेंतला लहानसा उपद्रवही जाचतो.

हा उपद्रव तीन प्रकारचा. पहिला केबलीच्या विद्युत्-धारकतेचा, म्हणजे दोन वाहकांमध्यें वीज सांठवून धरण्याच्या गुणाचा. तो कार्ट्रिजच्या अपेक्षेहून फार अधिक झाला, तर उंच स्वर आरंभीं टोंचूं लागतात व पुढें एकदम गळतात. म्हणून ही केबल आंखूड असावी, आणि बदलावयाची झाल्यास कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आंकड्याशीं ताडून घ्यावी. दुसरा उपद्रव घर्षणविद्युतेचा. केबल हलली कीं आंतील आवरण वाहकाशीं घांसतें, व रेशमानें घांसलेल्या कांचेप्रमाणें तेथें अत्यल्प वीज उत्पन्न होते. हाताच्या स्पर्शासरशीं स्पीकरमधून खसखस ऐकूं येते ती हीच. याच गुणाचा उपयोग करून कुंपणावर केबल बांधतात व कोणी चढूं लागल्यास तिच्याकडूनच सूचना मिळवितात! परंतु हें लक्षांत ठेवावें कीं, हा आवाज केबल हलत असेतोंवरच असतो. स्वस्थ पडलेली केबल गाण्यांत कांहीं मिसळीत नाहीं. तिसरा उपद्रव शेजारून जाणाऱ्या विजेच्या तारेचा. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिचा खालच्या पट्टींतला 'घूं' असा नाद या केबलींत चटकन् शिरतो. विजेची तार दूर ठेवावी. ओलांडणें भागच असेल तर दोहोंचा छेद काटकोनांत व्हावा.

एक प्राणघातक उपाय

'घूं' असा नाद दुसऱ्याही एका कारणानें येतो. दोन यंत्रें निरनिराळ्या सॉकेटांना जोडलेलीं असून दोहोंना अर्थिंग असलें, म्हणजे केबल आणि अर्थिंगच्या तारा मिळून एक वर्तुळ पुरें होतें व त्यांतून थोडी वीज फिरूं लागते. यावर कांहीं हौशी मंडळी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. नाद थांबतोही, आणि म्हणूनच हा सल्ला अधिक घातक होय. ती पिन गाण्यासाठीं नसून माणसासाठीं आहे. यंत्राच्या आंत विजेची तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर अर्थिंगमुळें वीज जमिनींत जाते व फ्यूज उडतो. पिन नसेल तर ती पेटी कोणाचा हात लागण्याची वाट पाहत जिवंत राहते. आणि तो हात घरांतील लहान मुलाचाही असूं शकेल. दोन्ही यंत्रें एकाच सॉकेटवरील एका बोर्डाला लावून पाहावीं. तेवढ्यानें पुष्कळदां नाद जातो. न गेल्यास जाणत्या कारागिराला बोलवावें. नाद सहन करावा, पण पिन काढूं नये.

कानाची साक्ष

आतां उरला तिसरा पक्ष, म्हणजे आपला कान. सूक्ष्म गुणभेदाची कानाची स्मृति अवघी कांहीं क्षणांची असते. केबल बदलण्यांत पांच मिनिटें गेलीं, तर आपण प्रत्यक्ष आवाजाशीं नव्हे, तर आवाजाच्या आठवणीशीं तुलना करीत असतों. शिवाय आवाज यत्किंचित् मोठा असला, तर तो 'मोठा' न वाटतां 'चांगला' वाटतो. आणि ज्या वस्तूला भरपूर पैसे मोजले, ती चांगलीच ऐकूं यावी अशी मनाची ओढ असते, ती निराळीच. यांत खोटेपणा नाहीं. हा मनुष्यस्वभाव आहे.

अमेरिकेंत १९७९ सालीं मॉन्स्टर केबल ही कंपनी निघाली, आणि तोंपर्यंत दिव्याच्या साध्या तारेनें होणारें काम हा एक स्वतंत्र व्यापार बनला. पुढें १९८३ सालीं 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकानें कोणती तार लागली आहे हें श्रोत्यांना कळूं न देतां परीक्षा घेतली. अगदीं बारीक तार कांहीं प्रसंगीं ओळखूं आली. परंतु संगीत ऐकतांना महाग तार आणि दिव्याची जाड तार यांतील भेद श्रोत्यांना खात्रीनें सांगतां आला नाहीं. अशा झांकल्या परीक्षेची पद्धत बेल प्रयोगशाळेंतील मन्सन व गार्डनर यांनीं १९५० सालींच मांडली होती.

ही परीक्षा एकत्र कुटुंबांत उत्तम होते, कारण तिला माणसें लागतात. प्रथम दोन्ही केबलींचे जोड सारखेच स्वच्छ करावे. एकानें यंत्राच्या मागें बसावें, नाणें उडवावें, आणि छाप पडली तर एक केबल, कांटा पडला तर दुसरी, अशी लावावी; तीच पुन्हां यावयाची असली तरी काढल्याघातल्याचें नाटक करावें. प्रत्येक वेळीं ॲम्प्लिफायर बंद करावा, परंतु आवाजाच्या बटणाला हात लावूं नये. ऐकणारानें पाठ करून बसावें व तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐकून उत्तर कागदावर लिहावें. असें दहा वेळां करावें. नुसत्या अंदाजानें नऊ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें एक असतो. तेवढीं आलीं तर फरक खरा मानावा व त्याचें कारण शोधावें. पांच-सहा आलीं तर केबल दुकानदाराला परत करावी. वादापेक्षां हा खेळ बरा. त्यांत वडीलधाऱ्यांचा मान राहतो आणि तरुणांची हौसही भागते.

कान ही देखील एक जोडणीच आहे आणि तिलाही वय आहे. वाढत्या वयाबरोबर उंच स्वर प्रथम ऐकूं येईनासे होतात; नातवाला जी झांजेची किणकिण स्पष्ट ऐकूं येते, ती आजोबांना येत नाहीं. म्हणून घरांतील वडील माणूस वरचेवर म्हणूं लागलें कीं, "यंत्र जुनें झालें, गाण्याचे शब्द कळत नाहींत," आणि इतरांना मात्र सर्व नीट ऐकूं येत असेल, तर नव्या केबलीचा विचार बाजूस ठेवावा व त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावें. कधीं नुसता मळ निघून काम होतें, कधीं श्रवणयंत्र लागतें. ऐकूं येत नाहीं हें बोलून दाखविण्याचा संकोच पुष्कळांना असतो; यंत्राला नांव ठेवणें त्यांना सोपें जातें. केबलीवर घालावयाचे पैसे या कामीं लागले, तर गाणें तर परत येईलच, पण जेवणाच्या पंक्तींत गप्प बसूं लागलेलें माणूस पुन्हां बोलूं लागेल.